समाधानी सदस्य

चष्मेवाल्यांच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी गिऱ्हाईक शिकवायचे. गिऱ्हाइकाला उभं ठेवायचं नाही. ‘बघतो’ म्हणायचं, ‘नाही’ म्हणायचं नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर त्याच्यासमोर त्याचीच बाजू घ्यायची आणि आपल्या माणसाची समजूत मागाहून, दुकान बंद झाल्यावर काढायची. वडिलांचे हे नियम दोन्ही मुलांना तोंडपाठ होते. पुढे जे भांडण झालं ते शेवटच्या नियमाच्या उत्तरार्धावरून.

झालं असं की एक गृहस्थ दुकानात आले आणि म्हणाले, या चष्म्यातून मला प्रत्येक पायरी दोनदा दिसते. चष्मा धाकट्या भावाने बनवलेला. थोरल्यांनी तो हातात घेतला आणि चारचौघांत धाकट्यांना असं काही झाडलं की विचारू नका. ‘काचा बसवतोस की कौलं?’ असंही म्हणाले. धाकटे मूग गिळून बसले, कारण नियमच तसा होता. संध्याकाळी थोरल्यांनी कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि घरी गेले. समजूत काढायची राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. ती राहतच गेली, तेव्हा धाकट्यांनी समोरच्या फुटपाथवर आपलं वेगळं दुकान थाटलं. तेव्हापासून बाजारात थोरले चष्मेवाले आणि धाकटे चष्मेवाले अशी दोन दुकानं समोरासमोर आहेत, आणि दोघा भावांमध्ये एक शब्द नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की धाकटे चष्मेवाले जिमवर एवढा जीव लावून होते ते काही अंग कमावण्यासाठी नव्हे. अंग त्यांच्याकडे होतं, चांगलं भरपूर होतं. पण थोरल्यांना हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी रोज सायकल मारायला सांगितली, जागची हलत नाही ती सायकल, आणि थोरले अडून बसले की मी काही तिथे जाऊन माकडचेष्टा करणार नाही. तेव्हा वहिनींनी धाकट्यांना गुपचूप फोन केला.

‘भाऊजी, तुम्ही तिथे दिसलात तर हे ईर्षेने तरी जातील,’ वहिनी म्हणाल्या. ‘बोलू नका हवं तर. फक्त शेजारी बसा आणि यांच्या श्वासाकडे कान ठेवा. दम लागला तरी हे कबूल करायचे नाहीत. आणि माझं नाव कुठे घेऊ नका.’

धाकट्यांनी शब्द दिला आणि जिमचे सदस्य झाले. वहिनींचा हिशेब बरोबर ठरला. धाकटे जातात म्हटल्यावर थोरलेही जाऊ लागले.

जिम होतं एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पूर्वीचं गोदाम ते. जिना अरुंद, वर गेलं की रबराच्या चटयांचा आणि मलमाचा वास. रस्त्याकडच्या खिडकीशी दोन सायकली होत्या, आणि रोज सकाळी सातला त्यांच्यावर दोघे भाऊ नाकासमोर बघत बसलेले असत. बोलणं नव्हतं, पण संवाद होता. तिथे एक ट्रेनर बाई होत्या, तोंडाने फटकळ पण मनाने लोणी. थोरले म्हणायचे, ‘बाई, कुणाला तरी सांगा, पाठीला बाक काढून सायकल मारली तर मणके जातात.’ धाकटे म्हणायचे, ‘बाई, कुणाला तरी सांगा, लोकांच्या पाठीकडे बघताना आपला घाम पुसावा.’ बाई मध्ये उभ्या राहून म्हणायच्या, ‘मी इथे व्यायाम शिकवायला आहे, पोस्ट ऑफिस चालवायला नाही.’ पण निरोप पोचलेले असायचे.

शिवाय शर्यत असायची. जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलींची शर्यत कशी लागते हे भाऊ असल्याशिवाय कळायचं नाही. थोरल्यांनी पाय उचलला की धाकटे उचलत. पण थोरल्यांच्या श्वासात जरा शिट्टी वाजली की धाकटे मुद्दाम मंद व्हायचे, हुश्श करायचे, पाणी प्यायचे. मग थोरलेही विजयी मुद्रेने मंद व्हायचे. रोज हरायचं आणि रोज भावाला धडधाकट घरी धाडायचं, हे काम धाकट्यांनी अगदी मन लावून चालवलं होतं. दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांना आपण कुणाचे तरी भाऊ आहोत असं वाटायचं.

मग जुन्या मालकांनी जिम विकलं. नवी मंडळी आली ती मोठी होती, ठिकठिकाणी जिम असणारी. त्यांनी भिंतींना केशरी रंग दिला, ट्रेनर बाईंना निरोप दिला, त्यांच्या जागी व्यायाम दाखवणारा टीव्हीचा पडदा लावला आणि दाराशी काचेचं फाटक बसवलं. फाटकाला मोबाइल दाखवायचा, मग ते उघडायचं. सदस्यांचे वयाप्रमाणे गट पाडले. थोरले ‘सोनेरी सकाळ’मध्ये गेले. धाकटे वयाने थोडेसेच लहान, पण त्या थोडक्यानेच घात केला. ते ‘सळसळती संध्याकाळ’मध्ये पडले.

पहिल्या दिवशी धाकटे सकाळी सातला फाटकाशी गेले, मोबाइल दाखवला, आणि फाटक गोड आवाजात म्हणालं, ‘आपली वेळ झालेली नाही.’

‘या वयात हे ऐकायला बरं वाटतं,’ धाकटे काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, ‘पण मला आत जायचंय.’

काउंटरवरची मुलगी नवीन होती. चष्मा लावायची, आणि तो सारखा नाकावरून घसरायचा. ‘काका, सिस्टीम घेत नाही,’ ती म्हणाली.

‘मग सिस्टीमला विचार.’

‘ती माझं ऐकत नाही, काका. मी वर लिहिते.’ आणि तिने खरंच लिहिलं. धाकट्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं. जाता जाता धाकट्यांनी तिचा चष्मा मागून घेतला, दांड्या बोटांनी वाकवून नीट केल्या आणि परत दिला. राग आला म्हणून काय झालं, वाकडा चष्मा बघवत नाही तो नाहीच.

काचेतून त्यांना खिडकीपाशी थोरल्यांची पाठ दिसत होती. शेजारच्या सायकलीवर कुणी तरी टॉवेल वाळत टाकला होता.

घरी येऊन धाकट्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. फोनने सांगितलं की आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि बासरी लावून दिली. धाकट्यांनी बासरी ऐकत दाढी केली, आंघोळीला जाऊन आले, तरी बासरी चालूच होती. ‘आमच्या दुकानात कुणी गिऱ्हाइकाला असं उभं ठेवलं असतं तर वडिलांनी त्याचीच बासरी केली असती,’ ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, ‘आधी टॉवेल गुंडाळा नीट.’

अखेर एक बाई फोनवर आल्या. आवाज असा की खडीसाखर विरघळावी. ‘सर, मी आपली अडचण समजू शकते. वेळ बदलण्याचं कारण काय लिहू? नोकरी, आरोग्य, प्रवास की इतर?’

‘इतर.’

‘इतर म्हणजे काय, सर?’

इथे धाकट्यांची पंचाईत झाली. वहिनींना शब्द दिलेला. आणि शब्द दिला नसता तरी, ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्या शेजारी बसल्याशिवाय आपल्याला करमत नाही, हे परक्या बाईला कसं सांगायचं? त्यांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला. मग म्हणाले, ‘तिथे माझे एक नातेवाईक येतात सकाळी.’

‘अरे वा,’ बाई म्हणाल्या. ‘मग तर सोपं आहे. कुटुंबातल्या दोघांना एकच वेळ मिळते. तुम्ही दोघांनी एकत्र काउंटरवर यायचं, आणि दोघांनीही सांगायचं की आम्हाला बरोबर व्यायाम करायचाय.’

धाकट्यांनी डोळे मिटून ते दृश्य पाहिलं. त्यापेक्षा छताला उलटं टांगून घेऊन व्यायाम केला असता तर सोपं गेलं असतं. ‘दुसरा काही मार्ग?’ त्यांनी विचारलं.

‘आपण लेखी तक्रार करू शकता, सर. आमचा सदस्य-आनंद विभाग ती जरूर बघेल.’

आता धाकटे चष्मेवाले तक्रार लिहिणार म्हणजे काय, तर धंद्यातल्या माणसाने लिहावी तशीच. तोंडावर कधी वाईट बोलायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. उधळलेल्या घोड्यालाही ते आधी ‘काय तुकतुकीत आहात’ म्हणाले असते. त्यांनी मोबाइलवर लिहिलं: ‘आपलं जिम अतिशय उत्तम आहे. भिंतींचा रंग प्रसन्न आहे. काउंटरवरची मुलगी गुणी आहे. मी पहिल्यापासूनचा सदस्य असून माझा जीव इथे रमतो.’ एवढी पायाभरणी करून मग ते हळूच मुद्द्यावर आले होते. पण सदस्य-आनंद विभागात माणूस बसत होता की यंत्र कोण जाणे, जे कुणी होतं ते मुद्द्यापर्यंत पोचलंच नाही. उलट टपाली उत्तर आलं: ‘आपल्या प्रेमाने आम्ही भारावून गेलो आहोत.’

धाकट्यांनी पुन्हा लिहिलं, जरा कडक. म्हणजे या वेळी कौतुक निम्म्यावर आणलं. पुन्हा उत्तर आलं की आम्ही आणखीच भारावलो आहोत.

दोन दिवसांनी ते संध्याकाळी व्यायामाला गेले तर जिन्याच्या वरच्या टोकाशी, फाटकाच्या अगदी वर, त्यांचाच फोटो. हा एवढा मोठा. सदस्य होताना काढलेला, डोळे अर्धवट मिटलेले. खाली लिहिलं होतं: ‘आमचे समाधानी सदस्य.’ आणि त्याखाली त्यांचंच वाक्य: ‘माझा जीव इथे रमतो.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बायको मुद्दाम जिना चढून फोटो बघून आली. ‘छान आलाय हो,’ म्हणाली. ‘लग्नात एवढे समाधानी नव्हता दिसत.’

संध्याकाळचं जिम म्हणजे नुसता ढणढणाट. धाकट्यांच्या शेजारच्या सायकलीवर एक पैलवान गडी बसायचा आणि कानात गाण्याचे बोळे घालून गायचा. त्याच्या श्वासाची धाकट्यांना काडीचीही काळजी नव्हती. सायकल मारता मारता त्यांचं लक्ष लागेना. सकाळी ते दुकान लवकर उघडून काउंटरवरची धूळ झटकत बसायचे, सगळी धूळ संपली तरी झटकायचे, आणि थोरले जिमहून परत येऊन समोरचं शटर वर करेपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचे. शटर वर गेलं की मगच त्यांचा चहा घशाखाली उतरायचा.

अशात वहिनींचा फोन आला. आवाज अगदी खाली.

‘भाऊजी, तुम्ही का जात नाही सकाळी?’

‘वहिनी, मला आत घेत नाहीत.’

‘अहो, फोटो लावलाय तुमचा.’

‘फोटोला घेतात. मला घेत नाहीत.’

वहिनींना त्यातलं काही कळलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ‘हे काय म्हणतात ठाऊक आहे? पळाला शेवटी, म्हणतात. जिंकलो म्हणून आणखीच जोरात मारतात सायकल. परवा घरी आले ते भिंत धरून उभे राहिले. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, मला काही होत नाही, धाकट्याला विचार कोण दमतं ते. भाऊजी, मला भीती वाटते हो.’

धाकट्यांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसूनच राहिले. इतके दिवस त्यांना राग आला होता, आता वहिनींची भीती त्यांनाही लागली. आपण शेजारी नाही, आणि थोरले एकटेच आपल्याशी शर्यत लावून बसलेत. आता हरायला कुणी नाही म्हटल्यावर ते थांबणार कसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते जिना चढले. आज कौतुक करायचं नाही, असं त्यांनी प्रत्येक पायरीला स्वतःला बजावलं. फाटकाला मोबाइल दाखवला. फाटक म्हणालं, ‘आपली वेळ झालेली नाही.’ काचेपलीकडे थोरल्यांची पाठ वरखाली होत होती, फारच जोरात होत होती, आणि त्यांनी घाम पुसायला हातसुद्धा उचललेला नव्हता.

‘मला आत जायचंय,’ धाकटे म्हणाले. ‘आत्ताच्या आत्ता.’

‘काका, सिस्टीम...’

‘तुझ्या सिस्टीमला सांग, मी रागावलोय.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुकानदार असून आवाज चढवला. आतली चार डोकी वळली.

नेमके त्या दिवशी वरचे साहेब आले होते. केशरी टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि हे गटांचं खूळ ज्यांच्या डोक्यातून निघालं तेच हे. गडबड ऐकून ते आतल्या खोलीतून बाहेर आले, एकदा धाकट्यांकडे पाहिलं, एकदा वरच्या फोटोकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

‘आमचे समाधानी सदस्य असे बाहेर उभे?’ ते काउंटरवरच्या मुलीवर उसळले. ‘काय चाललंय हे? गिऱ्हाइकाशी कसं वागायचं एवढंही कळत नाही तुला? कुणी घेतलं तुला कामावर? गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, शंभरदा सांगितलंय. माफी माग त्यांची.’

चोर सोडून संन्याशाला फाशी.  मुलीने मान खाली घातली आणि कीबोर्डाकडे बघत राहिली, जणू माफी कुठल्या बटणाखाली आहे ते शोधत होती.

धाकट्यांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. इतके दिवस बासरी ऐकून झाल्यावर कुणी तरी त्यांची बाजू घेत होतं. पण त्या मुलीची खाली गेलेली मान त्यांना बघवेना. ती मान त्यांना ओळखीची होती. ती त्यांची स्वतःची होती.

‘थांबा,’ ते साहेबांना म्हणाले. ‘गिऱ्हाईक म्हणेल ते खरं ना?’

‘अगदी खरं, सर.’

‘मग मी म्हणतो, हिची काही चूक नाही. हिने तुम्हाला लिहून कळवलंय. चूक तुमची आहे.’

साहेब कात्रीत सापडले. गिऱ्हाईक खरं धरावं तर आपण खोटे, आणि गिऱ्हाईक खोटं धरावं तर आपण शंभरदा सांगितलेलं खोटं. ‘तसं नव्हे, सर,’ ते म्हणाले, ‘सदस्यांसमोर असं बोलावं लागतं. तिला कळतं ते. मी नंतर समजावीन तिला.’

‘नाही समजावणार तुम्ही,’ धाकटे म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता, पण तो त्यांच्या ताब्यातही राहिला नव्हता. ‘नंतर कुणी समजावत नाही. कुलूप लावून घरी जातात. चूक नसताना चार माणसांत बोलून घेतलं, तर संध्याकाळी जवळ येऊन दोन शब्द तरी बोलावेत माणसाने. तुझं चुकलं नव्हतं, एवढंच म्हणायचं असतं. त्याला काही लागत नाही. तेवढं नाही केलं की माणूस उठतो आणि समोरच्या फुटपाथवर दुकान टाकतो.’

‘कसलं दुकान?’ साहेबांनी मुलीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

आतली सायकल थांबली होती. ती कधी थांबली ते धाकट्यांना कळलं नव्हतं. त्यांचे कान आज पहिल्यांदाच त्या श्वासावर नव्हते. थोरले उतरून, यंत्रांना धरत धरत फाटकापर्यंत आले. भाऊ काचेच्या अल्याड, भाऊ काचेच्या पल्याड. थोरल्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

‘तो पायऱ्या दोनदा दिसणारा माणूस परत आला होता,’ थोरले म्हणाले. मध्ये कुणी ट्रेनर बाई नव्हत्या. ते सरळ धाकट्यांशी बोलत होते. ‘दुसऱ्याच दिवशी. तो चष्मा त्याचा नव्हताच, मेव्हण्याचा उचलून आणला होता.’

‘ठाऊक आहे मला,’ धाकटे म्हणाले. ‘तो नंतर माझ्याकडेही यायला लागला.’

‘ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?’

‘तू सांगशील म्हणून थांबलो होतो, दादा.’

थोरले काचेवर हात टेकून उभे राहिले. साहेबांनी घाईघाईने मोबाइल काढून फाटक उघडायचा प्रयत्न केला. फाटक त्यांनाही म्हणालं, आपली वेळ झालेली नाही. मुलगी उठली, बाजूचा खटका हाताने वर केला आणि काच सरकवली.

थोरले बाहेर आले नाहीत. ते तिथेच मागे वळले, जिममधल्या सगळ्या सोनेरी सकाळकडे तोंड करून, आणि गिऱ्हाइकाला ऐकू जावा असा दुकानातला आवाज त्यांनी काढला. ‘जरा इकडे लक्ष द्या. हा माझा धाकटा भाऊ. याने बसवलेल्या काचेत खोट नव्हती. खोट माझ्यात होती.’ मग धाकट्यांकडे वळून ते हळू म्हणाले, ‘चारचौघांत बोललो होतो. मागाहून एकट्याला सांगितलं असतं तर निम्मंच फिटलं असतं.’

चालत्या पट्ट्यावरची एक बाई चालायची थांबली आणि पट्ट्याबरोबर मागे गेली.   हे ऐकल्यावर आपण काय म्हणायचं ते धाकट्यांनी इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक होतं, त्यात दोन-तीन टोमणेही होते. पण थोरल्यांचा श्वास शिट्टी वाजवत होता. ती शिट्टी ऐकली आणि ते सगळं विसरले.

‘आधी खाली बस, दादा,’ त्यांनी थोरल्यांचा दंड धरला. ‘दम खा.’